निदान आणि नोंद : सोलापूर परिसराच्या संदर्भात सिस्टिक फायब्रोसिस या बालरोगाच्या निदानाचा इतिहास

प्रस्तावना :

एखादा रोग एखाद्या प्रदेशात आढळत नाही, असे वैद्यकीय ग्रंथांत नमूद केलेले असते, तेव्हा त्या विधानाचे दोन अर्थ संभवतात. पहिला अर्थ असा की, तो रोग त्या प्रदेशात खरोखरच होत नाही. दुसरा अर्थ असा की, तो ओळखण्याचे साधन त्या प्रदेशात पोहोचलेले नाही. हे दोन्ही अर्थ कागदावर सारखेच दिसतात. परंतु आजारी मुलाच्या आईवडिलांच्या दृष्टीने त्यांत जीवनमरणाचे अंतर असते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाचा भारतातील इतिहास हा प्रामुख्याने या दोन अर्थांच्या गल्लतीचा इतिहास होय. विसाव्या शतकात दीर्घकाळ हा रोग 'गोऱ्या लोकांचा रोग' मानला गेला. तो भारतीय मुलांत नसतोच, या समजुतीमुळे त्याची चाचणी केली जात नसे आणि चाचणी केली जात नसल्याने ती समजूत अबाधित राहत असे.

प्रस्तुत लेखात या चक्राचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, सोलापूरसारख्या महानगरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सिस्टिक फायब्रोसिसच्या निदानपद्धतींच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) भारतात या रोगाची ओळख उशिरा का पटली, याची कारणमीमांसा करणे.
३) सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात हवामान, विवाहपद्धती, आरोग्यनोंदी आणि चाचण्यांची उपलब्धता या घटकांचा निदानाशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासाची पद्धती व मर्यादा :

हा लेख प्रसिद्ध वैद्यकीय लेखन, जनगणनेची आकडेवारी, शासकीय धोरणे आणि समाजशास्त्रीय ग्रंथ या दुय्यम साधनांवर आधारित आहे. विषयाची मांडणी इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीतून केली असून उपचारांविषयी मार्गदर्शन करणे हा लेखाचा हेतू नाही.

१. रोगाचे स्वरूप :

मानवी शरीरातील सातव्या गुणसूत्रावर एक जनुक असते. त्याच्या आज्ञेनुसार तयार होणारे प्रथिन पेशींच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा नियंत्रित करते. हे जनुक सदोष असेल तर फुप्फुसांतील व स्वादुपिंडातील स्राव घट्ट व चिकट होतात. श्वासनलिकांत कफ साचून वारंवार जंतुसंसर्ग होतो. स्वादुपिंडातील पाचकरस आतड्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मूल भरपूर खाऊनही वाळत जाते आणि त्याचा मल तेलकट व दुर्गंधीयुक्त होतो. घामावाटे मात्र मीठ प्रमाणाबाहेर बाहेर पडते.

हा रोग अप्रभावी आनुवंशिकतेचा आहे. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल आजारी पडते. एकच सदोष जनुक असलेली व्यक्ती 'वाहक' असते. तिला कोणताही त्रास होत नाही आणि बहुधा आपण वाहक आहोत हे तिला आयुष्यभर कळतही नाही. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. सतत आजारी असणाऱ्या मुलाचा दोष आपल्या समाजात अनेकदा केवळ आईच्या माथी मारला जातो. प्रस्तुत रोगात दोन्ही घराण्यांचा वाटा अगदी समसमान असतो, ही गोष्ट म्हणूनच केवळ जीवशास्त्रीय महत्त्वाची नाही.

२. शवविच्छेदनापासून घामापर्यंत :

ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेताना खारट चव लागते ते बाळ फार काळ जगत नाही, त्याला काहीतरी बाधा झालेली असते, अशी समजूत युरोपीय लोकपरंपरेत शतकानुशतके होती. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या आपल्या समाजाला या समजुतीतील भय अपरिचित वाटणार नाही. महत्त्वाचे हे की, या रोगाचे सर्वांत विश्वसनीय लक्षण वैद्यकशास्त्राच्या कितीतरी आधी आयांच्या ओठांना ठाऊक झालेले होते.

वैद्यकशास्त्रात या रोगाला स्वतंत्र स्थान मिळाले ते सन १९३८ मध्ये. न्यूयॉर्क येथील बालरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी ४९ मुलांच्या माहितीचा अभ्यास करून स्वादुपिंडाच्या या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यापूर्वी सन १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉ. ग्विदो फँकोनी यांनी फुप्फुस व स्वादुपिंड यांच्या एकत्रित विकाराकडे लक्ष वेधले होते. आरंभीच्या काळात या रोगाची ओळख बव्हंशी मृत्यूनंतरच पटत असे. जिवंत मुलात निदान करायचे तर त्याच्या लहान आतड्यात नळी घालून पाचकरस काढावा लागे. अशी चाचणी मोजक्या रुग्णालयांपुरतीच मर्यादित राहणे स्वाभाविक होते.

निदानाच्या इतिहासाला कलाटणी मिळाली ती उन्हाळ्यामुळे. सन १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात तीव्र उष्णतेची लाट आली. उष्माघाताने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत या रोगाच्या मुलांचे प्रमाण लक्षणीय असल्याचे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. डॉ. पॉल दि सांत'अॅग्नेसे यांनी त्यामागील कारणाचा शोध घेतला आणि सन १९५३ मध्ये या मुलांच्या घामात मिठाचे प्रमाण असाधारण असते, असे दाखवून दिले. मग मुलांना घाम कसा आणावा, हा प्रश्न उरला. आरंभी त्यांना गरम खोलीत वा कपड्यांत गुंडाळून ठेवले जाई आणि हे धोक्याचे होते. सन १९५९ मध्ये गिब्सन व कूक यांनी त्यावर उपाय शोधला. पायलोकार्पिन हे औषध त्वचेवर ठेवून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने त्वचेत शिरवायचे, तेवढ्याच जागेवर घाम आणायचा, सुमारे अर्धा तास तो टिपून घ्यायचा आणि त्यातील क्लोराइड मोजायचे. क्लोराइड प्रतिलिटर ६० मिलिमोल वा त्याहून अधिक आढळल्यास रोगाचे निदान बळकट होते. ३० पेक्षा कमी असल्यास रोग असण्याची शक्यता फार कमी असते. मधल्या आकड्यांसाठी पुन्हा तपासणी करावी लागते. आज सहा दशकांहून अधिक काळ लोटला तरी हीच 'घामाची चाचणी' निदानाचा मुख्य आधार आहे.

पुढे सन १९७९ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून प्राथमिक चाळणी करण्याची पद्धत मांडली. सन १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिओर्डन व फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या पथकांनी सदोष जनुक शोधून काढले. युरोपीय वंशाच्या रुग्णांत ज्या एका बदलाचे प्राबल्य आहे, तो 'एफ ५०८ डेल' या नावाने ओळखला जातो. त्यात प्रथिनाच्या साखळीतील ५०८ व्या स्थानावरील एक घटक गळालेला असतो.

३. 'गोऱ्यांचा रोग' ही समजूत आणि भारतातील नोंदी :

रोगाचे पहिले रुग्ण ज्या रुग्णालयांत नोंदवले गेले त्या रुग्णालयांतील बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे हा रोग त्या वंशाचा विशेष होय, असा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत रुजला. भारतीय वैद्यकीय शिक्षण याच पाठ्यपुस्तकांवर उभे होते. विद्यार्थी परीक्षेसाठी या रोगाची माहिती वाचत. मात्र रुग्णाच्या खाटेजवळ उभे असताना त्याचा विचार करीत नसत.

अशा समजुती अन्य रोगांबाबतही होत्या. सिकलसेल हा आफ्रिकी वंशाचा रोग मानला जात असे. सन १९५२ मध्ये निलगिरी पर्वतातील आदिवासींच्या रक्ताची तपासणी झाली आणि तो भारतातही असल्याचे सिद्ध झाले. विदर्भ व खानदेशातील त्याचा प्रसार आज सर्वज्ञात आहे. तो काही १९५२ साली भारतात आला नव्हता. त्या साली केवळ तपासणी आली होती. रोगांचा नकाशा हा बऱ्याच अंशी चाचण्यांचा नकाशा असतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

सिस्टिक फायब्रोसिसच्या भारतीय रुग्णांच्या पहिल्या नोंदी सन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांच्या होत्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय उपखंडातील कुटुंबांच्या मुलांतही हा रोग आढळू लागला. ही बाब विशेष बोलकी आहे. आईवडील तेच, जनुके तीच. केवळ रुग्णालय बदलले आणि रोग 'अस्तित्वात' आला.

भारतात या विषयाला पद्धतशीर वळण मिळाले ते दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. सुशीलकुमार काबरा, डॉ. मधुलिका काबरा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्यामुळे. परदेशी उपकरणाची किंमत ही मुख्य अडचण असल्याने त्यांनी देशी बनावटीच्या साधनाने घाम गोळा करून क्लोराइड मोजण्याची पद्धत विकसित केली व सन २००२ मध्ये ती प्रसिद्ध केली. साधन हाती येताच रुग्ण दिसू लागले. सन २००३ मध्ये त्याच संस्थेतून १२० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात ९५५ नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासले असता चार बालके 'एफ ५०८ डेल' या बदलाची वाहक आढळली. त्यावरून भारतात दर ४३,३२१ ते १,००,३२३ जन्मांमागे एक मूल या रोगाचे असावे, असा अंदाज मांडण्यात आला.

४. सोलापूरच्या जुन्या मृत्युनोंदी काय सांगू शकत नाहीत :

जुन्या कागदपत्रांत या रोगाचा शोध घ्यायचा झाल्यास इतिहासाच्या अभ्यासकाची निराशा होते. मुंबई इलाख्यातील आरोग्य आयुक्तांच्या वार्षिक अहवालांत मृत्यूंची वर्गवारी देवी, पटकी, प्लेग, ताप, आमांश व अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर कारणे अशा मोजक्या रकान्यांत केलेली असे. सोलापूर हा या इलाख्यातील जिल्हा होता. गावपातळीवर नोंद करणारा वैद्यकीय ज्ञान असलेला नसे. वर्षभराचे, सतत खोकणारे, हाडांचा सापळा झालेले मूल दगावले तर त्याची नोंद 'ताप', 'श्वसनाचे विकार' किंवा 'आमांश' यांपैकी एका रकान्यात होणार, हे उघड आहे. हे तिन्ही रकाने त्या मुलाला लागू पडत होते आणि त्यांपैकी एकही खरा नव्हता.

घरातील भाषेतही त्याला नावे होती. छाती भरून पोट उडू लागले की 'डबा', मूल वाळत गेले की 'मुडदूस', दुर्गंधीयुक्त शौच होऊ लागली की 'अपचन'. या प्रत्येक नावाने एकेक लक्षण पकडले. परंतु खोकला, वाळणे आणि तेलकट मल ही एकाच कारणाची तीन रूपे आहेत, हे जोडून पाहण्याची सोय त्यांपैकी कोणत्याही नावात नव्हती.

सन १९६३ मध्ये सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी देशातील बालरोगतज्ज्ञांची भारतीय बालरोग अकादमी ही संघटना स्थापन झाली. त्यापुढील काळात घरगुती नावांची जागा वैद्यकीय नावांनी घेतली. ती म्हणजे प्राथमिक क्षय, बालदमा, वारंवार होणारा न्यूमोनिया, तीव्र कुपोषण. ज्या प्रदेशात क्षयरोग व कुपोषण यांचे प्रमाण मोठे आहे तेथे डॉक्टरांचा पहिला संशय त्यांच्यावरच जाणार, यात वावगे काही नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग, घटते वजन आणि न थांबणारा खोकला ही त्रयी दोन्ही रोगांत सारखीच असते. परंतु क्षयरोगाची औषधे पूर्ण मुदतीपर्यंत देऊनही मूल सुधारत नाही, तेव्हा दुसरा प्रश्न विचारला जाणे आवश्यक असते. तो प्रश्न विचारला न गेल्यास निदान चुकत नाही. ते केवळ अर्ध्यावर थांबते.

५. जिल्ह्याचे गणित :

'हा रोग इतका दुर्मीळ आहे की जिल्हा पातळीवर त्याचा विचार करण्याचे कारण नाही', असा युक्तिवाद केला जातो. तो आकड्यांच्या आधारे तपासता येतो. सन २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. दर हजारी १६ जन्म असे ढोबळ प्रमाण गृहीत धरले तर वर्षाला सुमारे ६९,००० जन्म होतात. वर नमूद केलेला अंदाज त्यास लावल्यास दहा वर्षांत साधारणतः सात ते सोळा मुले या रोगासह जन्माला येत असावीत. मूळ अभ्यास दिल्लीचा असल्याने हा आकडा केवळ दिशादर्शक मानावा. शिवाय धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी या जवळपासच्या जिल्ह्यांतील रुग्णही उपचारांसाठी सोलापुरास येतात.

सात ते सोळा हा आकडा लहान वाटेल. परंतु ही मुले शून्य नाहीत. इतिहासाच्या भाषेत विचारावयाचे तर प्रश्न असा की, मागील पिढीतील ही मुले कोणत्या नावाखाली नोंदली गेली?

६. आप्तविवाह आणि आनुवंशिकता :

याच गणिताला सोलापूरच्या समाजरचनेची एक बाजू आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी सन १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण या दोन नातेव्यवस्थांच्या सीमेवरील प्रदेश असल्याचे दाखवले आहे. उत्तरेत निषिद्ध मानलेला मामाच्या मुलीशी विवाह येथील अनेक जातींत मान्य, किंबहुना पसंतीचा आहे. सोलापूर हे तर मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांचे शहर. कापडगिरण्या व हातमाग यांच्या निमित्ताने येथे स्थिरावलेल्या तेलुगू भाषक विणकर समाजामुळे आणि सीमेलगतच्या कन्नड भाषकांमुळे दाक्षिणात्य नातेव्यवस्थेची मुळे येथे खोलवर गेली आहेत. दक्षिणेत मामा-भाची विवाहाचीही परंपरा आहे. सन १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने मान्य असलेल्या अशा संबंधांना अपवाद म्हणून मुभा दिली आहे.

अप्रभावी आनुवंशिक रोगाच्या संदर्भात या परंपरेचा परिणाम मोजता येतो. उदाहरणादाखल, एखाद्या रोगाचे सामान्य प्रमाण ४०,००० जन्मांत एक असे धरू. मामेबहीण-आतेभाऊ विवाहात तेच प्रमाण सुमारे ३,००० जन्मांत एक, तर मामा-भाची विवाहात सुमारे १,५०० जन्मांत एक इतके वाढते. हे आकडे आनुवंशिकीच्या साध्या सूत्रावरून काढलेले असून त्यांचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. अशा विवाहांतील बहुसंख्य मुले निरोगीच असतात आणि नात्याबाहेरील विवाहांतही हा रोग होतो. तेव्हा एखाद्या समाजाच्या रूढीला दोष देण्यासाठी ही आकडेमोड उपयोगाची नाही. ती उपयोगाची आहे ती डॉक्टरांनी विचारावयाच्या एका प्रश्नासाठी : आईवडिलांचे लग्नापूर्वीचे नाते काय होते? आधीचे एखादे भावंड अशाच आजाराने दगावले आहे काय?

७. सोलापूरचा उन्हाळा :

न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली जी उष्णता असाधारण घटना होती ती सोलापुरात दरवर्षी येते. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या बाळाच्या शरीरातून अशा दिवसांत घामावाटे मीठ झपाट्याने कमी होते. बाळ मलूल होते, दूध ओढत नाही, त्याचे डोळे खोल जातात. जुलाब वा उलट्या फारशा नसतानाही शरीर शुष्क होते. रक्त तपासल्यास सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड कमी आढळतात आणि रक्तातील अल्कता वाढलेली दिसते. जुलाबांमुळे शुष्क झालेल्या मुलाच्या रक्तात सहसा आम्लता वाढते. येथे चित्र उलटे असते. हा फरक टिपण्यासाठी घामाच्या चाचणीची गरज नाही. रक्तातील क्षारांची सर्वसाधारण तपासणी पुरेशी आहे.

एक वर्षाखालील बाळाच्या अन्नात मीठ घालू नये, असा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात आणि सर्वसाधारण बाळांसाठी तो योग्यच आहे. परंतु या रोगाच्या बाळाला वैद्यकीय देखरेखीखाली अधिक मिठाची गरज असते. एकच सल्ला एका बाळाला हितकारक व दुसऱ्याला घातक ठरतो आणि त्या दोघांतील भेद केवळ निदानानेच कळतो. बाळाच्या अंगावर वाळलेल्या मिठाचा पांढरा थर दिसतो, मुका घेताना खारट लागते, असे आई सांगत असेल तर ते 'बायकी बोलणे' म्हणून बाजूला सारता येत नाही. ती चाचणीपूर्वीची चाचणीच असते.

८. चाचणीची वाट :

संशय आल्यानंतरही वाट सोपी नसते. घामाच्या चाचणीचे तत्त्व साधे असले तरी तिची अंमलबजावणी काटेकोर असावी लागते. पुरेसा घाम मिळाला नाही किंवा तो टिपताना थोडा जरी वाळला तरी आकडा बिघडतो. तान्ह्या बाळांना घाम कमी येतो. तीव्र कुपोषणात रोग नसतानाही क्लोराइड वाढलेले दिसू शकते, तर अंगावर सूज असल्यास रोग असूनही ते कमी दिसू शकते. म्हणजे ज्या मुलांत ही चाचणी सर्वाधिक गरजेची, त्यांतच ती फसवी ठरण्याचा संभव अधिक. म्हणून ती पुन्हा करावी लागते. शिवाय सतत सराव असेल तरच हात बसतो. वर्षाला मोजक्याच चाचण्या होणाऱ्या प्रयोगशाळेत अचूकता टिकत नाही. त्यामुळे ही चाचणी जिल्हा पातळीपेक्षा मोठ्या केंद्रांतच एकवटली, हे समजण्यासारखे आहे.

परंतु या केंद्रीकरणाचा भार कोणी वाहिला? रक्ताचा नमुना कुपीत भरून दूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो; घामाच्या चाचणीसाठी मात्र मुलालाच प्रवास करावा लागतो. सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, मुंबई साडेचारशे, तर हैदराबाद तीनशे किलोमीटर आहे. विडी वळणाऱ्या वा यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबाला असा प्रवास म्हणजे दोघांची बुडालेली मजुरी, परक्या शहरातील मुक्काम आणि 'घाम अपुरा मिळाला, पुन्हा या' असे ऐकण्याची तयारी. निदानाला झालेल्या विलंबात आईवडिलांचे अज्ञान किती आणि अंतर किती, याचा हिशेब मांडला तर अंतराचा वाटा मोठा निघेल.

जनुकीय चाचणीने हे चित्र काही अंशी पालटले. मात्र येथेही जुन्या समजुतीची सावली पडलेली दिसते. पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या जनुकीय चाचणीसंचांत तेथील रुग्णांत सामान्यतः आढळणारे बदलच तपासले जात. युरोपीय वंशाच्या रुग्णांतील सदोष जनुकांत 'एफ ५०८ डेल' चे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. भारतीय रुग्णांत ते निरनिराळ्या अभ्यासांत सुमारे १९ ते ३४ टक्केच आढळले. या जनुकातील ज्ञात बदलांची संख्या आज दोन हजारांहून अधिक आहे. तेव्हा अशा मर्यादित संचाने तपासून 'बदल आढळला नाही' असा अहवाल आला, तर त्याचा अर्थ 'रोग नाही' असा होत नाही. भारतीय मुलासाठी संपूर्ण जनुकाचे वाचन आवश्यक ठरते. अलीकडच्या काळात त्याचा खर्च पूर्वीपेक्षा बराच कमी झाला असून नमुना सोलापुरातून पाठवणेही शक्य आहे.

९. धोरण आणि निदान :

ब्रिटनमध्ये सन २००७ पर्यंत व अमेरिकेच्या सर्व राज्यांत सन २०१० पर्यंत नवजात बालकांची या रोगासाठी तपासणी सुरू झाली. भारतात अशी राष्ट्रीय तपासणी नाही. सन २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तीस प्रकारच्या विकारांची यादी करण्यात आली. तीत सिस्टिक फायब्रोसिसचा स्वतंत्र समावेश नव्हता. सन २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात मात्र या रोगाच्या काही उपचारांचा उल्लेख आला. सन २०२२ मध्ये त्या धोरणाखालील साहाय्याची मर्यादा पन्नास लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. हे साहाय्य ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते व मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकी एक आहे.

परंतु कोणतेही साहाय्य ज्या दारातून जाते त्याचे नाव निदान. ज्या मुलाच्या कागदावर 'वारंवार न्यूमोनिया' एवढेच लिहिले आहे, त्याच्यासाठी हे धोरण अस्तित्वातच नसते. सन २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या संयुक्त उपचाराने तेथील रुग्णांचे आयुष्य पालटले. पण त्याची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या कल्पनेपलीकडची आहे. म्हणून 'उपचारच परवडत नाहीत, तर निदान कशाला?' असा प्रश्न काही वेळा केला जातो. तो टिकणारा नाही. पाचकद्रव्यांच्या गोळ्या, पुरेसे मीठ, उष्मांकयुक्त आहार, छातीचा नियमित व्यायाम आणि योग्य वेळी योग्य प्रतिजैविक या उपायांनी, नवी औषधे येण्यापूर्वीही, मुलांचे आयुर्मान वाढलेले होते. निदान झाल्याने क्षयरोगाची अनावश्यक औषधे थांबतात. पुढील गर्भधारणेपूर्वी आईवडिलांना समुपदेशन मिळू शकते. आणि आपल्या मुलाला काय झाले आहे, हे त्यांना कळते. हा शेवटचा लाभ कोणत्याही खर्चाच्या हिशेबात येत नाही. तथापि तो सर्वांत लहान मानण्याचे कारण नाही.

निष्कर्ष :

१) सिस्टिक फायब्रोसिस भारतात आढळत नाही, ही समजूत पुराव्यावर नव्हे, तर चाचणीच्या अभावावर उभी होती. साधन उपलब्ध होताच रुग्ण नोंदले गेले.

२) सोलापूर जिल्ह्याच्या जुन्या मृत्युनोंदींत हा रोग सापडत नाही, यावरून तो नव्हता असे अनुमान काढता येत नाही. नोंदीच्या रकान्यांतच त्याला जागा नव्हती. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मृत्युनोंदींचा वापर करताना ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

३) प्रखर उन्हाळा व आप्तविवाहाची परंपरा या दोन कारणांमुळे सोलापूर परिसरात या रोगाविषयी अधिक जागरूकता आवश्यक आहे. उन्हाळ्यात जुलाबांविना शुष्क होणारे बाळ आणि क्षयरोगाच्या औषधांनी न सुधारणारे मूल ही येथील दोन महत्त्वाची सूचक चिन्हे मानावीत.

४) घामाची चाचणी मोठ्या केंद्रांत एकवटणे तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय असले तरी त्यामुळे प्रवासाचा भार गरीब कुटुंबांवर पडतो. जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षित व्यक्तींकडून नियमितपणे ही चाचणी व्हावी, शेजारील जिल्ह्यांचे रुग्ण तेथे एकत्र यावेत व रक्ताचे नमुने जनुकीय तपासणीसाठी तेथूनच पाठवले जावेत. यामुळे सराव व अचूकता टिकेल आणि अंतरही कमी होईल.

५) रोगाची नोंद हा केवळ वैद्यकीय व्यवहार नसून तो सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे. ज्या मुलाच्या आजाराला नाव मिळत नाही, ते मूल उपचारांतून, धोरणातून आणि अखेरीस इतिहासातूनही वगळले जाते.